पंचनाम्याबाहेरचे नुकसान

ऑगस्ट २०२५ च्या मध्यास मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस कोसळला आणि लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील रावणगाव, हसनाळ आदी गावांत पाणी शिरले. हसनाळमध्ये माणसे दगावली, जनावरे मेली, बचावासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. अशा आपत्तीनंतर रीतीप्रमाणे पंचनामे होतात. तलाठी, ग्रामसेवक व कृषिसहायक यांच्या कागदावर पडलेली भिंत येते, वाहून गेलेली म्हैस येते, खरवडून गेलेले शेत गुंठ्यागणिक येते. रात्री पत्र्यावर पाऊस वाजू लागला की दचकून उठून बसणाऱ्या बाईसाठी त्यात रकाना नसतो.

हे अज्ञानाने घडते असे म्हणण्यास जागा नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यातून वाचलेल्यांपैकी ज्यांची मनोविकारतज्ज्ञांनी तपासणी केली, त्यांच्यातील निम्म्याहून अधिकांना मनोविकार जडल्याचे आढळले, आणि हा निष्कर्ष १९९६ सालीच प्रसिद्ध झाला आहे. तरीही ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी या राज्याच्या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. मुखेडच्या मजुराने उपचारासाठी नांदेड गाठायचे, तर एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज असा दुहेरी खर्च त्याच्या माथी येतो.

मनाच्या या दुखण्यावर सरकारचे उत्तर समुपदेशनाचे आहे. २०१५ पासूनचा ‘प्रेरणा प्रकल्प’ हा त्याचाच नमुना होय. चळवळीतील पुष्कळांचे उत्तर याच्या नेमके उलट असते. कर्ज फेडा, भाव द्या, मन आपोआप ताळ्यावर येईल. बाकीची चर्चा म्हणजे शोषणावर घातलेले पांघरूण, असे ते म्हणतात. संशोधनाने या दोन्ही पक्षांची पंचाईत केली आहे.

अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघर बोलावे, धीर द्यावा, गरज पडल्यास डॉक्टरपर्यंत न्यावे, अशी त्याची योजना होती. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, तर आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी वेगळी गावे घेतलेली नसल्याने सारे श्रेय उपक्रमाला देणे धाडसाचे ठरेल, हे खरे. पण कुणाचे कर्ज न फेडताही माणसाला हात देता येतो, एवढे मान्य करण्यात समाजवाद्याचे काही बिघडत नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावा इंडोनेशियातला आहे. तेथे गरीब कुटुंबांना दिलेल्या रोख साहाय्यामुळे आत्महत्यांचे प्रमाण १८ टक्क्यांनी घटल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ साली दाखवून दिले. शेतीचे उत्पन्न बुडाले की आत्महत्या वाढतात, हेही त्याच अभ्यासात सिद्ध झाले. मानसोपचारतज्ज्ञाने लिहून न दिलेले हे औषध होते, आणि ते लागू पडले.

लेंडीच्या खोऱ्यात हे औषध चार दशके अडकून पडले आहे. १९८० च्या दशकात काम सुरू झालेल्या या आंतरराज्य प्रकल्पाचे पुनर्वसन पिढी उलटली तरी रेंगाळत राहिले. गाव उठणार की राहणार हे ठाऊक नसलेल्या घरात भिंतीला गिलावा करावा की नाही, हासुद्धा प्रश्नच असतो. अशा घराला ‘ताण घेऊ नका’ असे सांगणारा समुपदेशक पाठविणे ही क्रूर थट्टा होय. आणि भरपाईचा धनादेश हाती पडला म्हणून पाण्यात गेलेल्या माणसाचा शोक संपतो, असे समजणे हीही तशीच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ ने ही सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. तेव्हा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून दोन मागण्या एकाच ठरावात मांडाव्यात: पुनर्वसनाची तारीख लेखी मिळावी, आणि पूरग्रस्त गावांतील घरोघरच्या मानसिक आरोग्याची पाहणी पुढील पावसाळ्यापूर्वी व्हावी. ही पाहणी आशा स्वयंसेविकांकडून करून घ्यायची असेल, तर त्यांना आधी प्रशिक्षण आणि त्या कामाचे वेगळे मानधन द्यावे लागेल. फुकटच्या कामांचा बोजा त्यांच्यावर आधीच पुरेसा आहे.