चाळीस टक्क्यांचा कागद



फुलसावंगीच्या आसपासच्या कोणत्याही गावात पारावर बसून विचारा, "गावात अपंग किती?" एकाचा पाय गेलेला, एकाचे डोळे गेलेले, एकाला जन्मापासून ऐकू येत नाही. नावे बोटांवर मोजून सांगतील. कोणाचा निराधारचा पगार सुरू आहे आणि कोणाचा बंद पडला, तेही सांगतील. मग विचारा, "डोक्याच्या आजाराने घरी बसलेले किती?" पार गप्प होतो. कोणी हसतो, कोणी तंबाखू मळायला घेतो. अशी घरे सगळ्यांना ठाऊक असतात. पगाराच्या यादीत मात्र त्यांतले एखादेही सापडणे कठीण.

या घरांबद्दल आज बोलायचे आहे.

मनाचा आजार हेही अपंगत्व आहे, असे देशाच्या कायद्यात १९९५ सालीच लिहिले गेले. त्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, त्यांत मनोरुग्णता हा एक. त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने घेतली. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यांत आहेच. मतिमंदत्व हा वेगळा प्रकार. काल-परवापर्यंत पऱ्हाटीत डवरा धरणारा, हिशेब चोख ठेवणारा माणूस आज कोणीतरी मारायला येत आहे म्हणून कोठीत लपून बसतो, किंवा सहा-सहा महिने खाटेवरून उठत नाही, तो मतिमंद नाही. तो आजारी आहे. त्या आजाराने त्याचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त झाल्याचा दाखला मिळाला, की पाय गेलेल्या माणसाचा जो हक्क, तोच त्याचा.

हक्क म्हणजे किती? संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. १८ ते ६५ वयाच्या दिव्यांगाला त्यातून महिन्याला १,५०० रुपये मिळत होते, ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाले. वर्षाचे ३०,००० रुपये. आपल्या भाषेत हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे ही रक्कम पावणेचार क्विंटल कापसाला पुरत नाही. संकरित ज्वारीच्या ३,६९९ रुपये भावाने धरली तर आठ क्विंटल ज्वारी. रक्कम मोठी नाही. पण औषधासाठी दर महिन्याला घरची ज्वारी काढून विकावी लागते त्या घरात आठ क्विंटल ज्वारी म्हणजे वर्षभराची भाकर आहे.

मग हे पैसे मागायला माणूस जात का नाही? कारणे तीन आहेत.

पहिले कारण लाज. घरात 'येडा' आहे हे कागदावर आले तर पोरीची सोयरीक मोडेल, ही भीती. म्हणून आधी भगत, मग देवऋषी, मग लांबचा दर्गा. बाधा म्हटले की घराची इज्जत राहते, आजार म्हटले की जाते, असा आपला उफराटा हिशेब. त्या फेऱ्यांत दोन वर्षे जातात आणि एक बैलजोडी जाते.

दुसरे कारण आपला ताठ कणा. आम्हाला भीक नको, मालाचा रास्त दाम हवा, असे आपण सभा-सभांतून सांगत आलो. मग आता अनुदानाचा अर्ज कसा करायचा? प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही तसेच द्यायला हवे. दाम हा घामाचा असतो. ज्याचा घामच आजाराने अडवून धरला, त्याने दाम कशाचा मागायचा? नोकरदार आजारी पडला तर त्याला पगारी रजा असते. आपल्या उत्पादन खर्चात बी, खत, मजुरी, बैलजोडी मांडतात. शेतकऱ्याच्या आजारपणाची रजा त्यात मांडलेली कोणी पाहिली आहे? भावात जे कधी धरलेच नाही, त्याचा हा थोडासा तुकडा आहे. तो घेणारा भिकारी ठरत नाही.

तिसरे कारण आपल्या चळवळीचे स्वतःचे आहे आणि ते आपणच कबूल केले पाहिजे. १९ मार्च १९८६ रोजी याच महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवनयात्रा संपवली. नापिकी, कर्ज आणि तोडलेली वीज, हे त्या मरणाचे कारण सगळ्या राज्याला कळले. पुढच्या वर्षांत असे मृत्यू वाढत गेले तेव्हा शहाणे लोक सांगू लागले की शेतकरी दारू पितो, मनाने दुबळा आहे, त्याला समुपदेशन हवे. २०१५ साली आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी शासनाने प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात यवतमाळ होते. भाव मागितला तर समुपदेशक पाठवतात, असा राग तेव्हा आला आणि तो रास्त होता. कापसाला भाव नसणे हा मेंदूचा रोग नव्हे. कर्जाचा बोजा गोळीने उतरत नाही.

पण त्या रागाच्या भरात आपण एक चूक केली. मनाच्या आजाराचे नाव काढले तर सरकारच्या हाती सबब जाईल, म्हणून आपण ते नावच टाकले. भाव चांगला मिळालेल्या वर्षीसुद्धा ज्याला झोप येत नाही, ज्याला कानात आवाज ऐकू येतात, बाळंतपणानंतर जी माय आपल्या लेकराकडे पाहत नाही, ती माणसे आपल्या बैठकीतून सुटली. भाव हा भाव आणि आजार हा आजार. एकाची मागणी करण्यासाठी दुसरा लपवण्याची गरज नाही. उलट भाव पडला की आजारी घर सगळ्यांत आधी कोसळते.

आणखी एक हिशेब पाहा. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला, कमिटीने पात्र ठरवले तर, २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये मिळतात. त्यासाठी आपण मोर्चे नेले, प्रकरणे लढवली. मेल्यानंतरचा कागद आपल्याला तोंडपाठ आहे. जिवंत असताना मिळणारा कागद मात्र माहीत नाही.

तो कागद कसा मिळवायचा ते आता नीट ध्यानात घ्या.

आधी उपचार. उपचाराशिवाय दाखला नाही, आणि दाखला नाही मिळाला तरी उपचार हवाच. गावच्या आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मनोविकार तज्ज्ञ यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहेत. रात्री-अपरात्री माणूस बिथरला, जीव नकोसा झाला असे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका आणि टेली-मानसचा १४४१६ हा फोन लावा. तो चोवीस तास फुकट चालतो, मराठीतून बोलता येते. डॉक्टरने दिलेली प्रत्येक चिठ्ठी एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवा. सातबारा जपता तशी ती पिशवी जपा.

मग अर्ज. १ जून २०२१ पासून दिव्यांग दाखल्याचा अर्ज फक्त ऑनलाइन, स्वावलंबन पोर्टलवर घेतात. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा घेऊन सेतू केंद्रातून तो भरता येतो. भरल्याची पावती मागून घ्या.

मग तपासणी. हातापायाचे अपंगत्व डोळ्यांना दिसते, मनाचे दिसत नाही. म्हणून डॉक्टर एक ठरलेली मोजपट्टी वापरतात, तिचे नाव आयडियाज. त्यात चार गोष्टी पाहतात: माणूस स्वतःची निगा राखतो का, घरच्यांशी आणि लोकांशी त्याचे वागणे कसे आहे, त्याला बोललेले समजते का, आपले सांगता येते का, आणि तो काम करू शकतो का. प्रत्येकाला ० ते ४ गुण. आजार किती वर्षांचा आहे त्याचे आणखी ४ पर्यंत. एकूण २०. त्यांत ७ किंवा जास्त गुण झाले की अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक धरतात.

आपली माणसे नापास होतात ती इथे. तपासणीच्या दिवशी घरचे त्याला आंघोळ घालतात, धुतलेले कपडे चढवतात आणि बजावून सांगतात, "साहेबांपुढे नीट बोल." तो नीट बोलतो. डॉक्टर विचारतात, "काम करता का?" तो म्हणतो, "हो, शेती करतो." खोटे बोलत नाही, सातबारावर नाव आहे, रोज धुऱ्यापर्यंत जाऊन येतो. पण डवरणीला मजूर लावला, वेचणी बायकोने केली, फवारा भावाने मारला, हे कोणी सांगत नाही. घरच्या बाईचे तर याहून अवघड. "काही काम करत नाही, घरीच असते," असे नवराच सांगून मोकळा होतो. भाकर, पाणी, गोठा, निंदण हे सगळे काम आहे. मोजपट्टीत घरकामही धरलेले आहे. ते ती आधी करत होती आणि आता होत नाही, हे सांगायला हवे.

म्हणून रोग्याबरोबर असा माणूस जावा ज्याने त्याचे दिवस पाहिले आहेत. त्याने वाढवून सांगू नये, लपवूनही सांगू नये. मागच्या हंगामात किती दिवस शेतात गेला, किती दिवसांनी आंघोळ करतो, किती रात्री झोपला नाही, बाजारातून एकटा परत येऊ शकतो का, हे मोजून सांगावे. आजच्या दिवसावर नव्हे, गेल्या दोन वर्षांवर निकाल व्हावा, असा आग्रह धरावा. आजार उतरण्यासारखा असेल तर दाखला ठराविक मुदतीचा मिळतो; मुदत संपण्याआधी पुन्हा जावे. नकार मिळाला तर कारण लेखी मागावे. त्यावर अपील करता येते, तो हक्क कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे.

दाखला हाती आल्यावर उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला जोडून तहसील कचेरीत निराधारचा अर्ज द्यायचा. शिवाय ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ती कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा.

एक भीती खूप ऐकू येते: डोक्याचा दाखला काढला तर सातबारावरचे नाव जाईल, भाऊबंद जमीन ओढतील. असे होत नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम १३ सांगते की दिव्यांगाला मालमत्ता बाळगण्याचा, वारसाने मिळवण्याचा आणि आपले पैशांचे व्यवहार पाहण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. ४० टक्क्यांच्या कागदाने जमीन जात नाही. आजाराची माहिती गुप्त ठेवणे हेही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने डॉक्टरवर बंधनकारक केले आहे. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला आणि वाचला, तो तीव्र ताणाखाली होता असे तोच कायदा धरून चालतो आणि त्याला शिक्षा करू देत नाही. पोलिसांच्या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये.

आता सरकारकडे वळू. दिव्यांगाच्या घराला हे अनुदान मिळण्यासाठी वर्षाचे उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवे. दिवसाचे १३७ रुपये, तेही सगळ्या घराचे. २०२५-२६ साली रोजगार हमीवर एका माणसाची मजुरीच ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे सरकारच्याच दराने घरातल्या एकाने अर्धे वर्ष माती उपसली तर ते घर श्रीमंत! दाखला एका महिन्यात द्यावा असा नियम होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने तो बदलून तीन महिने केले. आणि तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावाला जायचे म्हणजे घरच्या दोघांची मजुरी बुडते. ज्या माणसाला गर्दीची भीती हाच आजार आहे, त्याला एस.टी. बदलत बोर्डापुढे उभे करायचे!

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत. उत्पन्नाची मर्यादा मजुरीच्या दराशी जोडा. मनोविकार तज्ज्ञासह तपासणीचे शिबिर तालुक्याला ठरल्या तारखेला लावा. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला ठेवा. हे होण्यासारखे आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचे काम झाले. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन विचारपूस केली, तेव्हा उदासीनतेच्या रुग्णांत मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. माणसे मदत घ्यायला तयार असतात. दार कोणी ठोठावत नाही, एवढीच अडचण.

ते दार आपण ठोठावायचे आहे. प्रत्येक गावातून दोन जणांनी, एक बाई आणि एक पुरुष, हे काम अंगावर घ्यावे. बाईंनी बाईशी बोलावे. पुढच्या बैठकीला नावे आणू नका. ती त्या घराच्या परवानगीशिवाय कोणालाच सांगायची नाहीत. फक्त तीन आकडे आणा: किती घरे भेटलात, किती उपचाराला लागले, किती अर्ज भरले. पहिल्या आकड्याच्या पुढे शून्य असेल तर त्या गावाने बैठकीत कापसाच्या भावाबद्दल बोलण्याआधी थोडा वेळ खाली मान घालून बसावे.