शाळांतील प्रयोगशाळा सहाय्यक व परिचर यांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी निवेदन

स्थळ : स्वारगेट, पुणे

प्रति,
१) मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे
२) मा. संचालक, महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय : माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतील प्रयोगशाळा सहाय्यक व प्रयोगशाळा परिचर यांना दरवर्षी प्रत्यक्ष प्रयोगकौशल्याचे प्रशिक्षण देणे आणि त्यासाठी स्वारगेट परिसरात कायम केंद्र सुरू करणे याबाबत.

महोदय,

स्वारगेट, मुकुंदनगर, महर्षीनगर, गुलटेकडी आणि सहकारनगर या परिसरातील शाळांमध्ये काम करणारे प्रयोगशाळा सहाय्यक, परिचर व त्यांच्यासोबत काम करणारे विज्ञान शिक्षक यांच्या वतीने हे निवेदन सादर करण्यात येत आहे. विज्ञानाचा प्रयोग विद्यार्थ्याच्या हातात पोहोचण्यापूर्वी ज्या कर्मचाऱ्याच्या हातून जातो, त्याच्या प्रशिक्षणाची शासनाच्या प्रशिक्षणव्यवस्थेत स्वतंत्र व नियमित तरतूद असावी, ही या निवेदनामागील एकमेव भूमिका आहे आणि पुढील सर्व मागण्या तिच्यातूनच निघालेल्या आहेत.

कामाचे स्वरूप

दहावीच्या विज्ञान विषयातील 100 पैकी 20 गुण आणि बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या प्रत्येक विषयातील 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाशी निगडित आहेत. म्हणजे हे तिन्ही विषय घेणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्याचे 300 पैकी 90 गुण प्रयोगशाळेच्या सज्जतेवर अवलंबून असतात. ही सज्जता म्हणजे कपाटातून साहित्य काढून टेबलावर मांडणे नव्हे. अनुमापनाच्या, म्हणजे ज्ञात तीव्रतेच्या द्रावणाच्या साहाय्याने दुसऱ्या द्रावणाची तीव्रता शोधण्याच्या प्रयोगात प्रमाण द्रावण अचूक नसेल, तर संपूर्ण तुकडीची उत्तरे चुकतात आणि त्या चुकीचे कारण विद्यार्थ्याला कधीच समजत नाही. पोटॅशिअम परमँगनेटचे द्रावण प्रकाशाने व सेंद्रिय कणांमुळे हळूहळू बदलत असल्याने ते तपकिरी बाटलीत ठेवावे लागते व वापरण्यापूर्वी पुन्हा प्रमाणित करावे लागते. साधारण 12 मोलर तीव्रतेच्या संहत हायड्रोक्लोरिक आम्लापासून 2 मोलर तीव्रतेचे 500 मिलिलिटर द्रावण करायचे, तर सुमारे 83 मिलिलिटर आम्ल मोजून घ्यावे लागते, आणि सल्फ्युरिक आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल सावकाश ओतायचे, आम्लात पाणी कधीही नाही, हा नियम केवळ पाठ असून भागत नाही, तो हाताच्या सवयीत उतरलेला असावा लागतो.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतही हीच स्थिती आहे. मीटर ब्रिजची टोके गंजली किंवा तार एकसारखी राहिली नाही की संतुलनबिंदू सरकतो. व्हर्निअर कॅलिपर व स्क्रू गेज यांची शून्यत्रुटी, म्हणजे जबडे पूर्ण मिटलेले असतानाही मापन शून्य न दाखवण्याचा दोष, वेळोवेळी तपासून नोंदवावी लागते. जीवशास्त्राच्या विभागात पावसाळ्यातील दमट हवेमुळे सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी धरते आणि ती वेळीच न काढल्यास काचेवरील लेप कायमचा खराब होतो, परिणामी थोड्या देखभालीने पुढे अनेक वर्षे चालले असते असे उपकरण नादुरुस्त म्हणून कपाटात पडून राहते. अशी किरकोळ दुरुस्ती शाळेतच होऊ शकली, तर साहित्यखरेदीवरील खर्चात होणारी बचत प्रशिक्षणाच्या खर्चाचा मोठा भाग भरून काढू शकेल.

सुरक्षेची जबाबदारी

शालेय प्रयोगशाळेत साठवल्या जाणाऱ्या रसायनांपैकी काहींचे वर्तन विशेष ज्ञानाची अपेक्षा करते. सोडिअम धातू रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. पिक्रिक आम्ल कोरडे पडल्यास स्फोटक बनते. जुन्या ईथरच्या बाटलीत पेरॉक्साइडे तयार होऊन ती उघडतानाच धोका निर्माण होऊ शकतो. ग्लिसरीन आणि पोटॅशिअम परमँगनेट एकमेकांत मिसळल्यास आग लागते, म्हणून रसायने इंग्रजी वर्णानुक्रमाने न लावता त्यांच्या गुणधर्मांनुसार गट पाडून ठेवावी लागतात. जुन्या तापमापकांतील व वायुदाबमापकांतील पारा हा आणखी एक प्रश्न आहे. पाऱ्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्यासाठीच्या मिनामाता कराराला भारताने 2018 साली अनुसमर्थन दिले असले, तरी अनेक शाळांच्या कपाटांत पारा अजूनही आहे, आणि तापमापक फुटल्यावर तो झाडूने गोळा करू नये, कारण त्यामुळे त्याचे बारीक थेंब होऊन अधिक वाफ पसरते, ही साधी बाब प्रत्येक परिचराला कोणीतरी प्रत्यक्ष दाखवून दिलेली असायला हवी.

मा. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2013 रोजी लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात दिलेल्या निर्देशांनुसार शैक्षणिक संस्थांनी आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवणे, आम्लाच्या ताब्यासाठी व सुरक्षित साठवणुकीसाठी एका व्यक्तीला जबाबदार ठरवणे आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करणे बंधनकारक आहे. व्यवहारात ही जबाबदारी बहुधा प्रयोगशाळा सहाय्यकावर येते. एखाद्या कर्मचाऱ्याला कायद्यापुढे उत्तरदायी ठरवायचे आणि ते उत्तरदायित्व पार पाडण्याचे शिक्षण मात्र द्यायचे नाही, ही विसंगती न्याय्य म्हणता येणार नाही.

प्रशिक्षणव्यवस्थेतील उणीव

महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, 1981 मध्ये प्रयोगशाळा सहाय्यक हे पद स्वतंत्रपणे मान्य केलेले आहे. परंतु पदाला मिळालेली ही मान्यता प्रशिक्षणाच्या क्षेत्रापर्यंत पोहोचलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने शिक्षकांसाठी दरवर्षी किमान 50 तासांच्या निरंतर व्यावसायिक विकासाची, म्हणजे सेवेत असताना ज्ञान व कौशल्य सतत वाढवत नेण्याची, अपेक्षा व्यक्त केली आहे. 2019 साली सुरू झालेला ‘निष्ठा’ हा राष्ट्रीय कार्यक्रमही शिक्षक, मुख्याध्यापक व पर्यवेक्षकीय अधिकारी यांच्यासाठी आखलेला होता. हे उपक्रम स्वागतार्ह आहेत. तथापि धोरणात प्रयोगातून व कृतीतून शिकण्यावर जो भर आहे, तो प्रत्यक्षात आणणाऱ्या प्रयोगशाळा कर्मचाऱ्याचा या तासांत समावेश नसल्याने धोरणाचा हेतू अर्ध्यावरच थांबतो. अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवड झालेल्या शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातून येणारे त्रिमितीय मुद्रक, संवेदक आणि सूक्ष्मनियंत्रक यांची रोजची निगा कोणी व कशी राखायची, हा प्रश्नही प्रशिक्षित मनुष्यबळावरच येऊन थांबतो.

आजवर प्रयोगशाळा सांभाळण्याचे कौशल्य ज्येष्ठ सहाय्यकाकडून कनिष्ठाकडे आणि परिचराकडून नव्या परिचराकडे, शेजारी उभे राहून पाहण्यातून, जात आले आहे. ही परंपरा मोलाची आहे, पण ती आता खंडित होण्याच्या मार्गावर आहे. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानुसार खाजगी अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे कर्मचारी निवृत्त होताच संपुष्टात येऊन त्यांच्या जागी शाळांना ठोक शिपाई भत्ता देण्याची व्यवस्था झाली आहे. त्या निर्णयाच्या धोरणात्मक बाजूबद्दल स्वतंत्र चर्चा होऊ शकेल. येथे एवढेच नमूद करणे आवश्यक आहे की तीस-तीस वर्षे प्रयोगशाळा सांभाळलेला परिचर निवृत्त होतो, तेव्हा त्याच्यासोबत कोणत्याही पुस्तकात न लिहिलेले ज्ञान शाळेबाहेर जाते आणि भत्त्यावर आलेली नवी व्यक्ती ते कोणाकडून शिकणार, याचे उत्तर आजच्या व्यवस्थेत नाही.

हे काम कुशल काम आहे, हे शासनाने अन्यत्र मान्य केलेले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये रासायनिक प्रकल्पातील प्रयोगशाळा सहाय्यकासाठी दोन वर्षांचा स्वतंत्र व्यवसाय अभ्यासक्रम शिकवला जातो. कारखान्यातील प्रयोगशाळेसाठी दोन वर्षांचे शिक्षण आवश्यक मानले जात असेल, तर जेथे अल्पवयीन विद्यार्थी रसायने व विद्युत उपकरणे हाताळतात, तेथील कर्मचाऱ्याला निदान काही दिवसांचे शिक्षण मिळावे, ही अपेक्षा अवास्तव ठरत नाही. शालेय स्तरावरील अशा व्यवस्थेचे उदाहरणही उपलब्ध आहे : ब्रिटनमध्ये स्थानिक शिक्षण प्राधिकरणांनी 1963 साली एकत्र येऊन क्लीप्स ही संस्था उभी केली. ती शालेय विज्ञान तंत्रज्ञांना प्रशिक्षण, प्रयोगनिहाय सुरक्षा सूचनापत्रके आणि शंकानिरसनासाठी दूरध्वनी सेवा पुरवते. अशा कामासाठी लागणारे शास्त्रीय बळ पुण्यात उपलब्ध आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, तसेच आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातील मुक्तांगण विज्ञान शोधिका या संस्थांचे सहकार्य घेतल्यास तज्ज्ञ मार्गदर्शकांची वाण पडणार नाही.

मागण्या

वरील परिस्थिती लक्षात घेऊन पुढील मागण्या सादर करण्यात येत आहेत.

१) प्रत्येक प्रयोगशाळा सहाय्यक व परिचर यांना दरवर्षी 50 तासांचे सेवांतर्गत प्रशिक्षण द्यावे आणि त्यापैकी किमान 30 तास प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करून घेण्यासाठी राखून ठेवावेत. दीक्षा या ऑनलाइन शिक्षणमंचावरील चित्रफिती पूरक म्हणून उपयुक्त आहेत. मात्र पिपेट धरणे, भिंग साफ करणे किंवा आम्ल ओतणे या गोष्टी पडद्यावर पाहून हातात उतरत नाहीत, म्हणून संपूर्ण प्रशिक्षण ऑनलाइन घेण्याचा पर्याय स्वीकारू नये.

२) नव्याने रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्याला, तो भत्त्यावर नेमलेला असला तरी, प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे काम सोपवण्यापूर्वी दहा दिवसांचे प्रवेश प्रशिक्षण अनिवार्य करावे.

३) अभ्यासक्रमात चार घटक असावेत : द्रावणे तयार करणे व त्यांचे प्रमाणीकरण; उपकरणांची निगा, अंशांकन (म्हणजे ज्ञात मापाशी पडताळून उपकरणाचे मापन दुरुस्त करणे) व किरकोळ दुरुस्ती; रसायनांची साठवण, प्रथमोपचार व अग्निसुरक्षा; आणि साठा नोंदवही, आम्ल नोंदवही व टाकाऊ रसायनांची विल्हेवाट. हा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत कार्यरत सहाय्यक व परिचर यांचे प्रतिनिधी असावेत.

४) स्वारगेट परिसरातील महानगरपालिकेच्या एखाद्या शाळेची प्रयोगशाळा निवडून तेथे जिल्ह्यासाठी कायम प्रात्यक्षिक प्रशिक्षण केंद्र सुरू करावे. एस.टी. स्थानक, पीएमपीएमएलच्या बससेवा आणि 29 सप्टेंबर 2024 पासून सुरू झालेले भुयारी मेट्रो स्थानक यांमुळे शहर व पिंपरी-चिंचवडबरोबरच भोर, पुरंदर, हवेली व दौंड तालुक्यांतील कर्मचाऱ्यांनाही येथे येऊन त्याच दिवशी परतणे शक्य होईल.

५) राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मराठीत प्रयोगनिहाय हस्तपुस्तिका प्रसिद्ध करावी आणि प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे त्या पदार्थाचे धोके, साठवण व अपघातातील उपाय सांगणारे पत्रक, सोप्या मराठीत उपलब्ध करावे. प्रात्यक्षिक परीक्षांच्या काळात शंकानिरसनासाठी दूरध्वनी मार्गदर्शन कक्ष सुरू ठेवावा.

६) प्रशिक्षणाचा काळ कर्तव्यकाळ धरावा, प्रवासखर्च द्यावा, प्रशिक्षण पूर्ण केल्याची नोंद सेवापुस्तकात घ्यावी आणि पदोन्नतीच्या वेळी तिचा विचार व्हावा.

७) निवृत्तीपूर्वीच्या अखेरच्या सहा महिन्यांत ज्येष्ठ कर्मचाऱ्याने आपल्या प्रयोगशाळेची कार्यपद्धती लेखी नोंदवून उत्तराधिकाऱ्याला प्रत्यक्ष दाखवावी, अशी व्यवस्था करावी आणि इच्छुक निवृत्त कर्मचाऱ्यांना मानधनावर प्रशिक्षक म्हणून निमंत्रित करावे.

८) प्रत्येक प्रयोगशाळेला सुरक्षा चष्मे, रसायनरोधक हातमोजे, डोळे धुण्याची सोय व अग्निशामक पुरवावेत, तसेच शाळांमधील जुनी, निरुपयोगी रसायने व पारा वर्षातून एकदा एकत्र गोळा करून अधिकृत घातक कचरा विल्हेवाट केंद्राकडे पाठवण्याची योजना महानगरपालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने राबवावी.

या मागण्यांपैकी दुसरी, पाचवी व आठवी या मागण्या विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेशी थेट निगडित असल्याने त्यांची अंमलबजावणी येत्या शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभीच व्हावी आणि उर्वरित मागण्यांसाठी कालबद्ध आराखडा जाहीर करावा, अशी विनंती आहे. प्रशिक्षण केंद्राची पहिली तुकडी उभी करण्यासाठी लागणारे सर्व सहकार्य, उपलब्ध साहित्याची यादी करण्यापासून ज्येष्ठांच्या अनुभवाचे लेखन करून देण्यापर्यंत, परिसरातील कर्मचारी व शिक्षक स्वेच्छेने करतील. याबाबत सविस्तर चर्चेसाठी आपल्या कार्यालयाने वेळ द्यावी आणि झालेल्या निर्णयाची लेखी माहिती मिळावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
स्वारगेट परिसरातील माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतील प्रयोगशाळा सहाय्यक, परिचर व विज्ञान शिक्षक

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
१) मा. शिक्षण संचालक (माध्यमिक व उच्च माध्यमिक), महाराष्ट्र राज्य, पुणे
२) मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, पुणे
३) मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका