पाळणा लांबवण्याची जबाबदारी कोणाची?

नागपूरच्या दक्षिण सीमेवरील बेसा हे काही वर्षांपूर्वीपर्यंत शेतीवाडीचे गाव होते. आज घोगली आणि मनीषनगरच्या दिशेने पाहावे तिकडे निवासी संकुले उभी आहेत. सदनिकेचा हप्ता, दोघांची नोकरी, एक वा दोन मुले आणि गावाकडे थकलेले आईवडील, असे येथील अनेक कुटुंबांचे चित्र असते. मुलांच्या शाळेपासून निवृत्तीच्या पुंजीपर्यंत साऱ्याचे नियोजन ही दाम्पत्ये काटेकोरपणे करतात. परंतु ज्या एका गोष्टीवर हे सारे अवलंबून असते, तिच्याविषयी पती-पत्नी एकमेकांशी क्वचितच मोकळेपणाने बोलतात. ‘आम्ही काळजी घेतो’ एवढ्यावर विषय मिटतो. मग एखाद्या महिन्यात पाळी चुकते आणि औषधाच्या दुकानातून, डॉक्टरांना न विचारताच, गर्भपाताच्या गोळ्या घरी येतात. त्या रात्रीचा रक्तस्राव, ती वेदना आणि ते भय एकटी पत्नी सोसते.

हे प्रसंग टाळता येण्याजोगे आहेत. त्यासाठी प्रथम साधनांचे खरे स्वरूप समजून घ्यायला हवे. अमेरिकेत दीर्घकाळ झालेल्या मोजणीनुसार, निरोध प्रत्येक वेळी अचूक वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी वर्षभरात सुमारे २ जोडप्यांना दिवस जातात. मात्र माणसे प्रत्यक्षात जसा वापर करतात, तो धरला तर ही संख्या सुमारे १३ होते. रोजच्या गोळ्यांचेही तसेच; अचूक वापरात १ पेक्षा कमी, प्रत्यक्षात ७. केवळ पुरुषाच्या संयमावर विसंबणाऱ्या १०० जोडप्यांत वर्षाला सुमारे २० वेळा गर्भधारणा होते. याउलट तांबी एकदा नीट बसवली की अपयश १०० मध्ये १ पेक्षाही कमी. अचूक वापर आणि प्रत्यक्ष वापर यांमधील ही तफावत कारखान्यात निर्माण होत नाही, ती आपल्या घरात निर्माण होते.

ती कशी होते, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. निरोधाबरोबर खोबरेल तेल वापरले तर रबर कमकुवत होते. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात गाडीत वा खिशातल्या पाकिटात ठेवलेला निरोध भरवशाचा राहत नाही. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध चालू असेल तर संततिनियमनाच्या गोळ्यांचा प्रभाव घटतो; हे डॉक्टरांना विचारायचे भान किती जणांना असते? ‘बाळ अंगावर पिते आहे, आता दिवस राहणार नाहीत’ हा समज तर घरोघरी आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे, त्याला आईच्या दुधाखेरीज काहीही दिले जात नाही आणि पाळी परत आलेली नाही, या तिन्ही अटी पूर्ण होत असतील तरच त्यात तथ्य आहे. आणीबाणीच्या प्रसंगी घ्यायची गोळी जितक्या लवकर घ्यावी तितकी उपयोगी. ती नित्याचे साधन नव्हे आणि गर्भ राहिल्यावर तिचा उपयोग नाही.

आता जबाबदारीच्या वाटणीकडे वळू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली; पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आहे. बिनटाक्याच्या पद्धतीत पोट उघडावे लागत नाही, जागा बधिर करून काही मिनिटांत काम होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. अपयशाचे प्रमाणही स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी आहे. पथ्य एकच: नंतरचे तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि तपासणी करून खात्री करून घ्यायची. पौरुष वा शक्ती कमी होते, ही निव्वळ भ्रांती आहे.

पुरुषाच्या या अनिच्छेला इतिहासाचीही एक जखम आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्या दडपशाहीने पुरुष नसबंदी बदनाम झाली आणि पुढच्या पिढ्यांत सारा भार स्त्रीच्या देहावर आला. सक्तीचा निषेध योग्यच होता. परंतु स्वेच्छेने घ्यायची जबाबदारीही आपण त्या निषेधाबरोबर टाकून दिली.

महाराष्ट्रापुढे याहून जुना एक आदर्श आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्यापायी १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकपद सोडावे लागले, तरी १९२७ पासून मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. १९३४ मध्ये त्यांच्यावरील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. रघुनाथरावांची सर्वच मते पटतील असे नाही. पण हा विषय लाजेचा नसून आरोग्याचा आहे, आणि पुरुषानेही तो आपला मानला पाहिजे, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्याची किंमत देऊन दाखवले.

सावधगिरी घेऊनही साधन निकामी ठरू शकते, हे कायद्यालाही मान्य आहे. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याने विवाहितेला या कारणासाठी संरक्षण दिले आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते प्रत्येक स्त्रीला लागू केले. सज्ञान स्त्रीला यासाठी पतीच्या संमतीची अट नाही. नसबंदीत डॉक्टरांचा हलगर्जीपणा सिद्ध झाला तर भरपाई मिळू शकते. मात्र निव्वळ अपयश म्हणजे हलगर्जीपणा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही पाळी चुकली तर विनाविलंब तपासणी करावी आणि निर्णय नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावा.

काही सुबुद्ध वाचक विचारतील, महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या पाहणीत १.७ पर्यंत घसरलेला आढळला असताना आणि डॉ. मोहन भागवत यांनी डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातच घटत्या जननदराविषयी इशारा दिला असताना, हा विषय कशाला? मुले किती असावीत, हा एक प्रश्न. येणारे मूल चुकून यावे की दोघांनी मिळून बोलावलेले असावे, हा दुसरा. तीन मुलांचे घर असो वा एका मुलाचे, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. आपल्या परंपरेने गर्भाधानालाही संस्काराचे स्थान दिले ते, मूल हे योगायोगाचे फळ नसून संकल्पाचे असावे, म्हणूनच.

कुटुंब प्रबोधनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी नवविवाहितांच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि तो पुरुषांसमोर आधी मांडावा. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पतीनेही सोबत जावे, प्रश्न विचारावेत आणि कुटुंब पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रियेसाठी प्रथम स्वतःचे नाव पुढे करावे. पत्नीचा सन्मान सणासुदीच्या भाषणांपेक्षा या एका निर्णयातून अधिक दिसेल.