कोयता एक, माणसं दोन



पोस्ट लांब आहे, पण दसरा तोंडावर आलाय म्हणून आत्ताच लिहितोय. दिवाळीनंतर लिहून उपयोग नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं ते तोवर गाव सोडून गेलेले असतात.

आपल्या शहागडच्या पुलावर या दिवसांत थोडा वेळ उभं राहून बघा. अंबड-घनसावंगीकडच्या वाड्या-तांड्यांवरून निघालेले ट्रॅक्टर गोदावरी ओलांडून गेवराईकडं जातात. मागं दोन ट्रॉल्या. त्यात पत्रे, ताडपत्री, पाण्याची टाकी, चुलीचं सरपण, एखादी शेळी आणि वर बसलेली लेकरं. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये हीच माणसं याच पुलावरून परत येतात. आपण इतकी वर्षं बघतोय की आता बघणंच बंद झालंय.

पैठणच्या डाव्या कालव्याचं पाणी आपल्याच तालुक्यातून जातं, गोदाकाठ उसानं हिरवागार आहे, कारखाने जवळ आहेत. तरी कालव्यापासून दूरच्या कोरडवाहू गावांतली माणसं दुसऱ्याचा ऊस तोडायला तीनशे-चारशे किलोमीटर जातात. विकास झाला नाही असं नाही. रस्ता चौपदरी झाला, पूल झाला, साखर निर्यात झाली. पण त्या विकासाच्या कागदावर ऊस तोडणाऱ्याचं नाव कुठं आहे, एवढा एकच प्रश्न मला आज विचारायचाय.

आधी 'कोयता' म्हणजे काय ते सांगतो, बाहेरगावी असलेल्या आपल्या पोरांना कदाचित माहीत नसेल. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. उचल कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर. पहाटे अंधारात दोघं फडात उतरतात. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोकी सेंटरला असेल तर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. त्याआधी कोपीवर स्वयंपाक तिनंच केलेला असतो. कागदावर मात्र एकच नाव, नवऱ्याचं. अंगठा त्याचा, पैसे त्याच्या हातात. कोयता एक, माणसं दोन, आणि दुसरं माणूस कुठंच लिहिलेलं नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या नात्यातल्या एका बाईनं अकरा हंगाम कोयता धरला. एका वर्षी हंगाम अर्धा झाला आणि नवरा फडातच गेला. तेरावा झाला आणि आठवड्याच्या आत माणसं दारात. "उचल फिटली नाही. पुढच्या वर्षी तू ये, पोराला आण." अकरा वर्षांत एकाही पावतीवर तिचं नाव नव्हतं. मजुरी वाटताना नाव नव्हतं, कर्ज वसूल करताना मात्र बरोबर सापडलं. ती मला म्हणाली, "भाऊ, मी कामाला होते का नव्हते, तेवढं तरी कुणी लिहून द्या." तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता विचारा, तिचा मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी किंवा वाहनमालकाशी. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस, मला कमिशन मिळतं. शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च तर माझ्याच बिलातून कापला जातो. आणि शेतकरी खोटं बोलत नाही. एफआरपी हा कारखान्याच्या गेटवरचा भाव आहे, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरलेले पैसे आपल्या खात्यावर येतात. माझाही दोन एकर ऊस आहे, मलाही ते लागतं. वर फडात खुशाली द्यावी लागते ती वेगळीच. म्हणजे पैसे शेतकऱ्याचे, काम कारखान्याचं, हुकूम मुकादमाचा आणि मालक कोणीच नाही.

याच उसासाठी शेतकऱ्याला कायदा आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत तर 15 टक्के व्याज द्यावं लागतं. तो हक्क आपण भांडून, आंदोलनं करून टिकवलाय, आणि बरोबरच केलं. पण तोच ऊस तोडणाऱ्याला चौदा दिवस सोडा, सहा महिन्यांचा हिशोबही कागदावर मिळत नाही. खाडा पडला की पैसे कापले. ताप आला तरी खाडा, पाळी आली तरी खाडा, बाळंतपण असलं तरी खाडाच.

त्याचा शेवट कुठं होतो ते आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यानं दाखवलं. 2019 मध्ये गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात 82,309 बायकांची माहिती घेतली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहामागं एक. देशपातळीवरच्या 2015-16 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण साधारण तीन टक्के होतं. काही डॉक्टरांचा लोभ त्यात असेलच, पण खाडा परवडत नाही म्हणून शरीराचा भाग काढून टाकायचा, ही वेळ ज्या व्यवस्थेनं आणली तिला आपण 'रोजगार' म्हणतो.

काही मित्र म्हणतील, "कुणी जबरदस्ती केली का? उचल घेतात, राजीखुशीनं जातात. आणि किती मुकादम, किती कोयते उचल घेऊन पळतात ते लिही ना." लिहितो. आपल्याच भागातल्या ट्रॅक्टरवाल्यांना लाखांचा गंडा बसलाय, कर्जाचे हप्ते थकलेत, हे खरंय. पण तेही याच व्यवस्थेचं फळ आहे. सगळा व्यवहार नोटरीच्या कागदावर आणि तोंडी विश्वासावर चालला, तर दोन्हीकडचा गरीब बुडणारच. राजीखुशीचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टानं 1982 मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगून ठेवलंय की पोटाच्या लाचारीनं किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत केलेलं काम हीसुद्धा घटनेच्या कलम 23 खाली सक्तीची मजुरीच. आणि घेतलेल्या पैशापायी दुसरीकडं काम करायचं स्वातंत्र्य जात असेल, तर 1976 चा वेठबिगारीविरोधी कायदा आहे. त्यासाठी जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती असावी लागते. आपल्याकडं ती शेवटची कधी बसली, हे माहिती अधिकारात कुणीतरी विचारा. मीही अर्ज टाकणार आहे.

हे सुधारणं अवघड आहे, पण अशक्य नाही. आपल्याच महाराष्ट्रानं दोनदा करून दाखवलंय. 1972 च्या दुष्काळात लोक खडी फोडायला रस्त्यावर आले, त्यातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारांनी व्यवसाय कर भरला आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळालं. काम मागणं हा हक्क झाला. देशाचा कायदा यायला त्यानंतर 2005 साल उजाडलं. दुसरं उदाहरण माथाडीचं. पाठीवर पोतं वाहणाऱ्या हमालाचा मालकही असाच 'कोणी नाही' होता. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव यांच्यासारखी माणसं लढली, 1969 चा कायदा आला. मंडळाकडं हमालाची नोंद झाली, व्यापाऱ्याची नोंद झाली, मजुरी मंडळामार्फत, त्यावर लेव्ही, भविष्यनिर्वाह निधी. पोतं तेच, पण पाठीला नाव मिळालं.

जगात बघायचं तर ब्राझील बघा, उसात आपल्यापेक्षा मोठा देश. तिथं गुलामीसारख्या अवस्थेत मजूर राबवणाऱ्या मालकांची नावं सरकार यादीत जाहीर करतं, आणि यादीत नाव आलं की सरकारी बँकेचं कर्ज मिळणं अवघड होतं. तिथंही सगळं आलबेल नाही, पण मालक कोण हे तरी ठरतं.

आपल्याकडं काहीच झालं नाही असंही मी म्हणणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ झालं, लेकरांसाठी भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं आली, जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. पण वाढ टनावर मिळते, टन कोयत्याचा असतो आणि कोयता नवऱ्याच्या नावावर. वाढीव पैशातून उचलीचं व्याज गेलं, तर बाईच्या हातात काय आलं?

म्हणून माझी मागणी लहान आहे. ग्रामसेवकाकडं ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं काम आहे. यंदा ट्रॉली हलायच्या आधी प्रत्येक गावात ती नोंद पूर्ण व्हावी, आणि त्यात दोन नावं असावीत, नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं. उचल किती, दर किती, कुठला कारखाना, हे त्यात असावं. मजुरी दोघांच्या दोन खात्यांवर यावी. जी लेकरं मागं राहणार त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह पहिल्या दिवसापासून चालू असावं, डिसेंबरात नव्हे. यासाठी नवा कायदा लागत नाही, ग्रामसभेचा ठराव आणि पाठपुरावा लागतो.

आणि घाई का, तर ऊसतोडणी यंत्रं येतायत. सरकार त्यांना अनुदान देतंय. उद्या यंत्रानं काम गेलं तर भरपाई, प्रशिक्षण, पर्यायी काम कुणाला द्यायचं? ज्याचं नाव यादीत आहे त्याला. ज्या बाईनं अकरा हंगाम मोळ्या वाहिल्या आणि जी कुठंच लिहिलेली नाही, तिला सांगतील, "तू तर कामाला नव्हतीसच."

आपण शेतकरी आहोत, वाहनमालक आहोत, काहीजण मुकादमही आहेत. या पोस्टनं काहींना राग येईल. येऊ द्या. पण येत्या ग्रामसभेत आपापल्या गावात उठून एवढंच विचारा: आपल्या गावातून किती कोयते जातात? आणि मग लगेच दुसरा प्रश्न: किती माणसं जातात?

दोन्ही आकडे मिळाले तर खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासह टाका. कुणाचं वैयक्तिक नाव नको, फक्त आकडे. आपण यादी करू आणि तहसीलदारांकडं नेऊन देऊ.