तयारीच्या नावाखाली खरेदी

पहिली मोठी सोलो सायकल टूर करायची ठरली, की आमच्या पिढीतला माणूस आधी एक्सेल शीट उघडतो. वस्तू, ब्रँड, किंमत, लिंक. आयटीतले आम्ही लोक तर यात वाकबगार. तीन महिन्यांनी शीट भरलेली असते, खिसा रिकामा झालेला असतो आणि सायकल गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली उभी असते. वर आपण म्हणतो, ‘तयारी चालू आहे.’ माझ्या मते ही न निघण्याची सभ्य पद्धत आहे.

अलिबागहून गोव्याचा किनारी रस्ता घ्या. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी. नकाशात समुद्रकिनारा दिसतो म्हणून रस्ता सपाट वाटतो. प्रत्यक्षात खाडीशी उतरायचं, की पुन्हा सड्यावर चढायचं, आणि हे दिवसभर. इथे कार्बन फ्रेमनं वाचवलेलं किलो-दीड किलो वजन कामाला येत नाही, कारण मागच्या कॅरिअरवर बारा किलोंच्या बॅगा असतात.

कामाला येतं ते साधं गणित. पुढे ५० दाते आणि मागे सर्वात मोठी चकती २८ दात्यांची असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेचार मीटर पुढे जाते. मिनिटाला ४० फेरे मारले तरी ताशी ९ किलोमीटरचा वेग धरावा लागतो. भरलेल्या सायकलवर, खड्या चढावर, नवशिक्याला हे झेपत नाही. पुढे-मागे ३४-३४ असेल, तर तेवढ्याच फेऱ्यांत ताशी ५ पुरतात. हळू, पण पायउतार न होता. हा बदल महागड्या जर्सीपेक्षा मोलाचा आहे, पण फोटोत दिसत नाही.

प्रेस्टा व्हॉल्व्हचंही तेच. गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाला तो सहसा बसत नाही. पितळेचा एक छोटा ॲडॉप्टर लागतो. तो किती जणांच्या यादीत असतो? आणि भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, मागचं चाक काढून ट्यूब बदलायचा सराव किती जणांनी केलेला असतो?

१९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले तिघे १९२८ मध्ये ती पूर्ण करून परतले. डर्व्हला मर्फी १९६३ मध्ये आयर्लंडहून एकटी भारताकडे निघाली, तेव्हा वाटेत मोडतील म्हणून तिनं सायकलचे गिअरच काढून टाकले होते. मात्र सुटे टायर वाटेतल्या ठिकाणी आधीच पाठवून ठेवले होते. तयारी तिनंही केलीच. फक्त रस्त्यावर काय मोडेल, या प्रश्नापासून सुरुवात केली.

कुणी म्हणेल, मग सुरक्षिततेचं काय? हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, चांगले ब्रेक यांत काटकसर करू नयेच. एकट्या मुलीला ‘रात्री कुठेही टेक’ असं सांगणं हाही निव्वळ बेजबाबदारपणा. तिनं मुक्काम आधी फोन करून पक्के करावेत, अंधाराआधी पोचता येईल एवढेच टप्पे ठेवावेत. पण बघा, ही तयारीसुद्धा कार्टमध्ये मिळत नाही. फोन करावे लागतात, अनोळखी माणसाशी बोलावं लागतं.

या खरेदीवर माझा खरा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. रोज काळ्या सायकलवर दुधाचे कॅन वाहणारा माणूस आपल्या लेखी ‘सायकलिस्ट’ नाही. तालुक्याच्या कॉलेजातला एखादा पोरगा आपल्या याद्या वाचतो आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून फोन बाजूला ठेवतो. मोठ्या अंतरावर नेणारं सर्वात स्वस्त वाहन आपण श्रीमंतांचा छंद करून टाकलं.

म्हणून एक साधी परीक्षा. येत्या शनिवारी, आहे त्याच सायकलवर, टूरवर न्यायचं सगळं सामान बांधून साठ-सत्तर किलोमीटर जा. एखाद्या गावात मुक्काम करा. रविवारी, दुखऱ्या अंगानं, परत या. न वापरलेली प्रत्येक वस्तू यादीतून खोडा. पंक्चरचं सामान आणि औषधं तेवढी ठेवा. मग जे उरेल, ती तुमची तयारी.