जुने हवाई फोटो: स्कॅन करणं सोपं, ते कुठले हे सांगणं अवघड

गूगल अर्थच्या मोबाइल ॲपमध्ये २०२४ मध्ये जुनी चित्रं बघायची सोय आली. ॲप उघडा, वॉर्सा शोधा आणि टाइमलाइन मागे सरकवा. १९३५ चं दाट वस्तीचं शहर दिसतं, आणि १९४५ मध्ये त्याच जागी छप्पर नसलेल्या भिंती. आता हेच पुण्यात किंवा नाशिकमध्ये करून बघा. घरं ओळखू येतील असा फोटो साधारण २००० च्या मागे जात नाही.

कारण सोपं आहे. एक मीटरपर्यंतचे तपशील दाखवणारा पहिला व्यावसायिक उपग्रह, आयकोनॉस, १९९९ मध्ये वर गेला. त्याआधीचं तेवढं स्पष्ट बघायचं तर मुख्यतः विमानातून काढलेल्या फोटोंवरच भिस्त. ते फिल्मच्या रिळांवर नाहीतर काचेच्या प्लेट्सवर, कुठल्या तरी अभिलेखागारात पडून असतात.

मग स्कॅन करून टाका की! इंजिनिअर म्हणून मी आधी जागेचा हिशोब केला. जुन्या सर्वेक्षण कॅमेऱ्याची फ्रेम बहुधा ९ बाय ९ इंचांची. १२०० डीपीआयने स्कॅन केली तर १०,८०० गुणिले १०,८०० पिक्सेल. कृष्णधवल, ८ बिट, कॉम्प्रेशनशिवाय एक फाइल सुमारे ११७ एमबी. असे एक लाख फोटो १२ टीबीत बसतात, म्हणजे आज बाजारात मिळणाऱ्या एका मोठ्या हार्ड डिस्कवर.

खरी अडचण वेगळी आहे. तुमच्या फोनचा कॅमेरा फोटोसोबत अक्षांश-रेखांश साठवू शकतो. १९४० च्या विमानात जीपीएस नव्हतं. फिल्मच्या कडेला रीळ आणि फ्रेमचा नंबर असतो, नशीब असेल तर तारीख आणि उंची. विमान कुठून कुठे गेलं, ते वेगळ्या नकाशावर आखलेलं असतं. तो नकाशा दुसऱ्याच संस्थेत असेल किंवा हरवला असेल, तर स्कॅन केलेली फाइल म्हणजे नुसती शेतांची आणि रस्त्यांची नक्षी. म्हणून इथे भागीदारी लागते. फिल्म एकाकडे, नकाशा दुसऱ्याकडे आणि गावाची माहिती तिसऱ्याकडेच असते.

ब्रिटनमधलं उदाहरण बघा. एरोफिल्म्स ही हवाई फोटो काढणारी कंपनी १९१९ मध्ये सुरू झाली. तिचा संग्रह २००७ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सच्या वारसा संस्थांनी मिळून घेतला. त्यातले १९१९ ते १९५३ मधले ९५,००० फोटो त्यांनी 'ब्रिटन फ्रॉम अबव्ह' या प्रकल्पात स्कॅन केले आणि २०१२ पासून ऑनलाइन टाकले. ज्यांची जागा कळेना, ते सरळ लोकांपुढे ठेवले. कुणी रेल्वेच्या वळणावरून गाव ओळखलं, कुणी गिरणीच्या धुराड्यावरून.

डेन्मार्कची गोष्ट मला जास्त आवडते. तिथे कंपन्या विमानातून शेतघरांचे तिरके फोटो काढायच्या आणि विक्रेते दारोदार जाऊन ते त्याच शेतकऱ्यांना विकायचे. निगेटिव्ह पुढे रॉयल लायब्ररीकडे आल्या. लायब्ररीने २०१२ मध्ये फ्यून बेटापासून सुरुवात करून ते नकाशावर टाकले. पिन चुकीच्या जागी असेल तर कुणीही ती ओढून योग्य जागी नेऊ शकतो, घरात कोण राहायचं तेही लिहू शकतो. हे काम एआयला द्या, असं कुणी म्हणेल. एआय अंदाज सुचवू शकतो, पण तो आजच्या चित्राशी जुळवणार, आणि मधल्या काळात गोठा पडलाय, रस्ता सरकलाय. ते आजोबांना माहीत असतं.

हा नुसता आठवणींचा खेळ नाही. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब आजही जमिनीखाली सापडतात. बऱ्याच ठिकाणी बांधकामाआधी दोस्त राष्ट्रांच्या टेहळणी विमानांचे फोटो तपासतात. मोठा खड्डा म्हणजे बॉम्ब फुटला, बारीक भोक म्हणजे तो कदाचित अजून खाली आहे. त्या फोटोवर जागेची खूण पाच मीटर चुकली तर काय होईल, याचा विचार करा. दुसरीकडे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांचे १९३६ आणि १९३८ चे फोटो वापरून संशोधकांनी १,५९४ हिमनद्यांची तेव्हाची उंची काढली. ते काम २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं.

घाईही आहे. जुनी ॲसिटेट फिल्म सडताना व्हिनेगरसारखा वास येतो, आणि त्या वाफेने शेजारचं रीळही बिघडू शकतं. थंडीत ठेवलं तर हे मंदावतं, थांबत नाही.

मला खटकतं ते मालकीचं. ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने आफ्रिका आणि कॅरिबियन वसाहतींवरून उडून काढलेले लाखो फोटो आज एडिनबर्गच्या राष्ट्रीय हवाई छायाचित्र संग्रहात आहेत. तिथे हाय-रिझोल्यूशन प्रतीचे पैसे पडतात. म्हणजे गाव आफ्रिकेतलं, फिल्म स्कॉटलंडमध्ये आणि बिल गाववाल्याला. स्कॅनिंगला खर्च येतो हे मान्य, पण मिनेसोटा विद्यापीठाचं नकाशा ग्रंथालय आपल्या राज्याचे जुने हवाई फोटो फुकट डाउनलोड करू देतं. तेव्हा दुसरा मार्ग आहे.

आपल्याकडे २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन उडतायत. त्या फोटोंना जागेची माहिती जोडलेली आहे, पिन लावायला कुणी नको. त्यातून नकाशा आणि मिळकत पत्रिका बनते. पण ड्रोनचे मूळ फोटो पुढे किती वर्षं ठेवणार आणि कुठल्या ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला देणार? गावात मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात एक अर्ज टाकून विचारून बघा. उत्तर आलं तर मलाही कळवा.