फरक नाही, की दिसला नाही?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी होणाऱ्या शेतीप्रयोगांच्या अहवालांतील कोष्टके जो कोणी बारकाईने वाचील, त्यास उत्पन्नाच्या आकड्यांखाली कधी कधी ‘एन.एस.’ ही त्रोटक अक्षरे आढळतील. आणि तफावत संख्याशास्त्रीय कसोटीस उतरली नाही एवढाच त्यांचा मर्यादित अर्थ असताना, कर्जत-जामखेडच्या जिराईत पट्ट्यात जाईतो ‘दोन्ही वाण सारखेच’ असा त्यांचा कायमचा फैसला होऊन बसण्याची भीती असते.

समजा, रब्बी ज्वारीचा नवा वाण जुन्याहून खरोखरच शेकडा 10 ने सरस आहे. आठ वाण, प्रत्येकाच्या चार पुनरावृत्ती, आणि जमिनीच्या उणेअधिकपणामुळे वाफ्यावाफ्यांत शेकडा 15 चा हेलकावा, अशी मांडणी असल्यास सी.डी., म्हणजे दोन वाणांतील फरक खरा मानण्यास लागणारी किमान तफावत, शेकडा 22 च्या घरात जातो. म्हणजे तो सरसपणा शंभर प्रयोगांपैकी जेमतेम पंधरांत पकडला जाईल आणि उरलेल्यांत दफ्तरी ‘एन.एस.’ हाच शेरा पडेल. शंभरांतील ऐंशींत पकडावयाचा, तर चारांच्या जागी सुमारे 36 पुनरावृत्ती हव्यात. एका शेतात इतके वाफे मावणे दुरापास्त. म्हणूनच अनेक ठिकाणांचे, अनेक हंगामांचे आकडे एकत्र करणे भाग पडते.

असलेला फरक टिपण्याच्या या क्षमतेस, म्हणजे चाचणीच्या सामर्थ्यास, नेमन व पिअर्सन यांनी 1933 च्या सुमारास गणिती बैठक दिली, त्याच काळात आपल्या सातारा जिल्ह्यातील बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अध्ययन करीत होते. तेव्हा हा विषय परका म्हणून झटकण्याची सोय आपणांस नाही.

हीच गोष्ट वैद्यकातही लागू पडते. जामखेडच्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील तपासणीचा जो प्रयोग झाला, त्यात सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रिया घेतल्या, हा खर्चिक अट्टहास नव्हता. आठ वर्षांत एच.पी.व्ही. या रोगकारक विषाणूच्या चाचणीच्या गटातील 34,126 स्त्रियांपैकी 34, तर तुलनेच्या गटातील 31,488 पैकी 64 या रोगाने दगावल्या. हाच प्रयोग दशांशाने केला असता, तर तीन आणि सहा मृत्यूंवरून कोणताही निकाल देता आला नसता, आणि कारभाऱ्यांनी ‘उपयोग नाही’ म्हणून फाईल बंद केली असती.

तेव्हा संशोधकांस एवढीच विनंती, की प्रयोग आखतानाच त्यास किती फरक टिपता येईल याचा हिशेब मांडावा, आणि ‘एन.एस.’ छापाल तेथे तो आकडाही छापावा.